मागचे डोंगर

त्या उन्हाळ्यात आमच्या घराला सरसाचा वास होता. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो रात्रभर भिजवायचा, मंद आचेवर वितळवायचा आणि त्यात रंगाची पूड कालवायची. पडदे रंगवायची जुनी रीत तीच. वितळताना त्याचा जो वास सुटतो तो वैऱ्याच्याही घरात शिरू नये. मायनं मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. अंगणात तीन दगड मांडून मी डबा चढवायची, आणि वाऱ्याची दिशा बदलली की शेजारच्या कौसाकाकी पदर नाकाला लावून ओरडायच्या, "नंदे, मेलेलं जनावर शिजवू राह्यली का गं?" दिवस कुरडयांचे होते. छपरावर जुन्या लुगड्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत असायच्या, मायचे हात गव्हाच्या चिकानं बुळबुळीत झालेले असायचे, आणि त्या सगळ्या स्वच्छ, आंबूस वासात माझा डबा रटरटायचा. पडद्याच्या कापडाला खळ द्यायला मी चीक मागितला तेव्हा मायनं कुरकुर केली. "खायची वस्तू कापडाला फासती," म्हणाली. मग पातेलंभर काढून दिला, वर मीठ घालू नको म्हणून बजावलंही.

आमची वस्ती जाफराबादपासून जीपनं पंधरा मिनिटांवर. आबा एसटीत कंडक्टर. एक दिवसाआड मुक्कामाला जायचे, आणि घरी असले तरी निम्मे गाडीतच असायचे. जेवायला बसताना आम्हां भावंडांना "चला, पुढं सरका" म्हणायचे, आणि आपण काय बोललो ते त्यांना कळायचंसुद्धा नाही. माणूस सरळ. शब्द दिला की दिला. स्वतः सातवीपर्यंत शिकलेले, त्यामुळे शिकलेल्या माणसानं सांगितलेली गोष्ट त्यांना पक्की वाटायची; डॉक्टरनं, मास्तरनं, साहेबानं एकदा म्हटलं की संपलं. मायला अक्षरओळख नव्हती. पण तिच्याइतकं घर निगुतीनं ठेवणारी बाई वस्तीत दुसरी नव्हती. तिच्या हातची अंबाडीची भाजी आणि ज्वारीची पातळ भाकरी यांच्याबद्दल मी इथं लिहायला लागले तर प्रकरण तिथंच संपेल, म्हणून आवरते.

बारावीची परीक्षा होऊन मी घरी बसले होते. आमच्याकडे जयंतीला दरवर्षी नाटक व्हायचं. मागं पडदा म्हणून दोन-तीन लुगडी जोडून टांगायचे, आणि राजपुत्र घर सोडून रानात निघाला तरी त्याच्यामागं मायच्या लुगड्यावरच्या कैऱ्याच दिसायच्या. त्या वर्षी पोरांनी ठरवलं की खरा पडदा करायचा, आणि चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेली मी एकटीच असल्यानं तो माझ्यावर आला. खडकाळ माळ, मागं डोंगर, त्यामागं आणखी डोंगर. आयुष्यात मला कुणी दिलेलं ते पहिलं मोठं काम. बारा हात लांब मांजरपाट वस्तीतल्या बुद्धविहाराच्या फरशीवर अंथरलं तेव्हा मी आधी त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

अंतर कसं काढायचं ते मला काझी सरांनी शिकवलं. ते जाफराबादला हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. किडकिडीत माणूस, ओठांत कायम एक लवंग. एकदा त्यांनी मला सकाळी सातला शाळेच्या गच्चीवर नेलं आणि उत्तरेकडे बोट दाखवून विचारलं, "बेटा, तो शेवटचा डोंगर कोणत्या रंगाचा?" मी हिरवा म्हणाले. "डोंगर हिरवा असतो हे तुला माहीत आहे म्हणून म्हणतेस. माहीत आहे ते बाजूला ठेव. दिसतं काय ते सांग." मी बघत राहिले. तो डोंगर हिरवा नव्हता. निळाही म्हणवेना. जवळजवळ आभाळच होतं ते, फक्त कडेला जरासं गोठलेलं. "मध्ये हवा आहे," सर म्हणाले. "धूळ आहे, उजेड आहे. डोंगर जितका लांब जातो तितका आपला रंग हवेला देत जातो. आपण पण तेच करायचं. काढून घ्यायचं. घालायचं नाही." मी आता साठी ओलांडली. जालन्यात मस्तगडला राहते. माझ्या खिडकीतून कारखान्यांच्या धुरामुळे चार गल्ल्यांपलीकडची पाण्याची टाकीसुद्धा लांबचा डोंगर वाटते. तेव्हा सर आठवतात आणि हसूही येतं.

मला औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते डबा धुवत होते. त्यांनी डी.एड.चा फॉर्म आधीच आणून ठेवला होता. ते रागावले नाहीत. डबा पालथा घातला, हात पुसले आणि म्हणाले, "नंदा, मला चित्रातलं काही कळत न्हाई. मी हो म्हणलो तर ते खोटं, न्हाई म्हणलो तरी खोटंच. कुणी कळणारा माणूस सांगू दे. तो म्हणला घाला, तर मी घालतो. न्हाई म्हणला, तर डी.एड. आणि मंग यावर बोलायचं न्हाई. बराबर?" मी बराबर म्हणाले. योगायोग असा, की काझी सरांचे एक वर्गमित्र त्याच कॉलेजात शिकवत होते आणि जयंतीच्या सुमारास सरांच्या घरी लग्नाला येणार होते. सर म्हणाले, त्यांना तुझा पडदा दाखवायला घेऊन येतो. म्हणजे माझं सगळं आयुष्य बारा हात मांजरपाटावर येऊन बसलं.

मी काम मागून पुढं केलं. आधी आभाळ, मग सर्वांत लांबची रांग, मग तिच्या पुढची. एकाच पातेल्यातला रंग. शेवटच्या रांगेला तो खडूच्या पुडीनं इतका पांढरा केलेला, की ओला असताना कापडावर दिसायचाही नाही. मग प्रत्येक रांगेला खडू कमी, थोडी काळी, थोडी तांबडी माती जास्त. वाळल्यावर रंग बदलायचा, त्यामुळे अंदाज चुकायचा. दोनदा ती लांबची रांग पुसली. तिसऱ्यांदा रंगवून कापड भिंतीवर वाळत टांगलं, सकाळी विहाराचं दार उघडलं आणि भिंतीपलीकडे खरंच कोसभर जागा आहे असं वाटलं. मी तशीच दारात उभी राहिले. त्या सकाळचा आनंद मला पुढं नोकरी लागली तेव्हा झाला नाही, लग्नात तर नाहीच नाही. पुढचे खडक मात्र मी मनसोक्त काढले. आमच्या ओढ्यात काळ्या पाषाणाचे धोंडे पडलेत, ते जाऊन बघायची. माथ्यावर ऊन, कुशीला अर्धा उजेड, पोटाखाली अंधार. बारदानाचा तुकडा रंगात बुडवून, पिळून, कापडावर हलके थापला की दगडाचा खरखरीतपणा उमटायचा. भेगा शेवटी, बारीक ब्रशनं, आणि त्यासुद्धा फक्त अगदी समोरच्या धोंड्यांना.

एकदा काझी सर त्यांच्या लुनावरून येऊन बघून गेले. तेव्हा मागचे डोंगर पुरे झाले होते, खडक व्हायचे होते. त्यांनी दारापर्यंत मागं जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. मग लवंग गालात सरकवून म्हणाले, "मागचं झालं. आता काही पण झालं तरी त्याला हात लावायचा नाही. बिलकुल नाही." चहा न घेताच गेले. मायला त्याचं वाईट वाटलं. दूध खास आणलं होतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी विहारासमोर पडदा बांबूला टांगला. वस्तीतल्या बायका बघायला आल्या. खडकांचं कौतुक झालं. एकीनं तर बोट लावून पाहिलं. मग कौसाकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पर नंदे, मागचं राह्यलं की गं. रंग सरला का?"

"काकी, ते लांब आहे."

"लांब हाय म्हणून काय त्याला रंग देऊ न्हाई? माणूस लांब गेला तर पांढरा पडतो का?"

बायका हसल्या, मीही हसले. चेष्टेत वेळ गेला. माय माझ्या शेजारीच उभी होती. ती हसली नाही. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा कौसाकाकींकडे, आणि कुरडया काढायच्या राहिल्यात म्हणून निघून गेली. पोरीचं काम अर्धवट म्हणून चारचौघींत निघालं, हे तिच्या मनाला लागलं होतं. मला ते दिसलंसुद्धा. पण काझी सरांनी मला जसं गच्चीवर नेलं होतं तसं आपण मायला एकदा विहारामागच्या टेकाडावर न्यावं, दाखवावं, हे मला सुचलं नाही. तिला काय कळणार, असं मी धरून चालले होते. इतक्या वर्षांत मी पुष्कळ वेळा तिच्यावर चिडले, अजूनही चिडते, आणि दर वेळी चिडून झाल्यावर गाडी इथंच येऊन थांबते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहुण्यांना आणायला जाफराबादला गेले, कारण सरांची लुना बंद पडली होती आणि वस्तीकडची जीप कुठून सुटते ते त्यांना ठाऊक नव्हतं. परतीची जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. उन्हात आम्ही तिघं अर्धा तास बसलो. पाहुणे सर चष्म्याआडून माझ्याकडे बघून म्हणाले, "काझी तुमचं फार सांगत होता." मी म्हणाले, "आमच्याकडे आज खीर आहे."

वस्तीच्या वळणावर जीप थांबली आणि तिथूनच मला पडद्यावरचे मागचे डोंगर दिसले. तिथून ते दिसायला नको होते.

जवळ जाईपर्यंत मी स्वतःला सांगत होते की उन्हाची तिरीप असेल. तिरीप नव्हती. शेवटची रांग गडद निळी झाली होती, तिच्या पुढचीही तशीच निळी, तिसरीही. कपड्यांची नीळ. उरलेल्या सरसात नीळ आणि माझा खडकांचा काळा रंग कालवून, चुन्याच्या कुंच्यानं, भर उन्हात सगळे घरात असताना, कुणी तरी डोंगर रंगवले होते. आणि काय सफाईनं! कडेबाहेर एक थेंब नाही, आभाळावर एक शिंतोडा नाही, कुठं पट्टा नाही, कुठं ओघळ नाही. वस्तीत एवढा निगुतीनं कुंचा चालवणारा हात एकच होता. दरवर्षी जयंतीच्या आधी विहाराच्या भिंतींना चुना मायच द्यायची. शिवाय शेवटच्या डोंगरावर, जिथं मी हवेशिवाय काही ठेवलं नव्हतं, तिथं काडीनं नीट एकेक दगड काढून त्याला भेग पाडली होती. माझ्या समोरच्या धोंड्यांसारखीच. माझं राहून गेलेलं तिनं पुरं केलं होतं.

कोसभर जागा गेली होती. डोंगर पुढं येऊन खडकांना चिकटले होते. समोर निळी भिंत उभी होती.

पाहुणे सर आधी खडकांपाशी थांबले. "हे बरे आहेत," म्हणाले. "वजन आहे यांना." मग चार पावलं मागं गेले, पुन्हा पुढं आले. "पण मागं काय झालं हे? सगळं एकाच अंतरावर कसं?"

काझी सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते रागावले नव्हते, घाबरले होते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेटा, मी हात लावू नको म्हटलं होतं ना? हे कुणी केलं?"

माय बांबूच्या खांबाजवळ उभी होती. जयंतीचं पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, आणि घासघासून धुतले तरी नखांत निळे राहिलेले हात. सरांचा प्रश्न तिला ऐकू गेला. तिचा चेहरा फुलला. कुणी तरी विचारावं याचीच ती वाट पाहत होती. अर्धी वस्ती भोवती, आबा खाकी बदलून झब्बा घालून उभे, जाफराबादचे दोन सर, आणि माय 'मी' म्हणायला तोंड उघडत होती.

"मीच, सर," मी म्हणाले. "मला फिकं वाटलं, म्हणून काल परत रंग लावला."

यात त्याग वगैरे काही नव्हता. विचार करायला वेळच नव्हता. ती 'मी' म्हणाली असती तर पुढचं वाक्य सर्वांसमोर तिच्यावर आलं असतं, एवढंच मला दिसलं. काझी सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि पायातली चप्पल सारखी करत बसले. पोरीनं दोन वर्षं ऐकलं आणि शेवटी आपल्यावर विश्वास ठेवला नाही, असं त्यांना वाटलं असणार. पुढं भेटायचे तेव्हा तब्येत विचारायचे, चित्राचं कधी नाही. ते गेले ते हेच समजून गेले. मी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगू शकले असते. जाईन जाईन म्हणत गेले नाही. जाफराबाद लहान गाव. सरांना सांगितलेलं आठ दिवसांत आमच्या विहारापर्यंत पोचलं असतं.

आबांनी विचारायचं ते सरळ विचारलं. "सर, मला एकच सांगा. पोरीला तुमच्या कॉलेजात घालू का?"

पाहुणे सर भले माणूस होते. त्यांना खोटं बोलवेना आणि खरं तोडून सांगवेना. "हात चांगला आहे," ते म्हणाले. "हातात सफाई फारच आहे. पण नजर अजून तयार नाही. अंतर दिसत नाही तिला, आणि ते ज्याला दिसत नाही त्याला शिकवणं अवघड. मी तुमच्या जागी असतो तर आधी पोटापाण्याचं बघितलं असतं."

सफाईचं कौतुक झालं तेव्हा माय हळूच हसली. मी ते पाहिलं. मग खीर वाढायला मलाच जावं लागलं, कारण पाहुण्यांना लग्नाला परत पोचायचं होतं आणि जल्दी होती.

नाटक चांगलं झालं म्हणतात. मी पाहिलं नाही, पोट दुखतं म्हणून घरी पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ड्युटीवर निघताना माझ्याजवळ बसले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ठरल्यापरमानं, बेटा." डी.एड.चा फॉर्म त्यांनी उशाशी ठेवला होता. दिलेला शब्द त्यांनी पाळला, माझ्याकडूनही पाळून घेतला. मी पुढं बदनापूरकडच्या शाळांत तीस-बत्तीस वर्षं पाढे शिकवले. वाईट शिकवले नाहीत.

आबा गेल्यावर माय आत आली. बशीत कालची खीर गरम करून आणली होती. ती माझ्याजवळ टेकली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मी कुणाला सांगितलं न्हाई हां. तूच लावला म्हणली, मंग तूच लावला. माझं नाव कशाला पायजे? लेकीचं झालं म्हणजे माझंच झालं."

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी वळले तर ती पदरानं नखांतली नीळ कोरून काढत होती.

"त्या सायबाला काय कळतं?" माय म्हणाली. "सफाई हाय म्हणला, तेवढं मातर बराबर बोलला. तू जिवाला लावून घेऊ नको. घाई झाली, एकटीच्यानं एवढं मोठं कापड होतं का? पुढच्या सालाला मी पैल्या दिवसापासून तुझ्यासंगं बसते. मंग बघू कोण नावं ठेवतं ते."

आणि ती बसली. डी.एड.च्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा तिनं कापडाला खळ देऊनच ठेवली होती. पुढच्या जयंतीचा पडदा आम्ही दोघींनी रंगवला. मागचे डोंगर तिनं मागून घेतले, आणि मी तिला निळीचं पातेलं ढवळून दिलं.